लुगड्यावरच्या कोरी

सिलोनहून परत येऊन देवळीत पाय ठेवल्याला आता दोन महिने होतील. या दोन महिन्यांत लोकांनी मला दोनच गोष्टी विचारल्या. जुनी मंडळी विचारतात, रावणाची सोन्याची लंका पाहिली काय आणि त्यातलं काही शिल्लक आहे काय. गेल्या दसऱ्याला नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलेली आमच्या शेजारच्या वस्तीतली मंडळी विचारतात, तिथं म्हणे पिढ्यान् पिढ्या सगळे बौद्धच आहेत, मग ते लग्न कसं लावतात, सण कोणते करतात, ग्रहण पाळतात की नाही. पहिल्या प्रश्नावर मी नुसता हसतो. दुसरा प्रश्न मात्र सरळ आहे आणि विचारणाऱ्यांना उत्तराची खरोखर गरज आहे. त्यातल्या ग्रहणापुरतं उत्तर माझ्याजवळ आहे. ते थोडं लांबचं आहे, म्हणून लिहूनच काढतो.

मी सिलोनला गेलो तो हिंदीचा मास्तर म्हणून. वर्ध्याला हिंदी प्रचाराचं काम जोरात, त्या कामातूनच मला कोलंबोला पाठवलं. देवळीच्या शेतकऱ्याच्या पोरानं दुसऱ्याला शुद्ध हिंदी शिकवावी हा प्रकार माझ्या जुन्या सोबत्यांना अजून पचलेला नाही. माझी बायको शकू बरोबर होती. तिचं माहेर कारंजा घाडगेचं. समुद्र दोघांनीही धनुष्कोडीलाच पहिल्यांदा पाहिला, आणि शकूनं त्याच्याकडे बराच वेळ पाहून विचारलं, "एवढ्या पान्याचं करतेत तरी काय जी?"

कोलंबो

वीस जून १९५५ च्या सकाळी सिलोनमधून खग्रास सूर्यग्रहण दिसणार, हे मला वर्तमानपत्रातल्या नकाशावरून कळलं. नकाशावर एक काळा पट्टा ओढला होता आणि तो थेट बेटावरून गेला होता. अशा पट्ट्यासाठी लोक जहाजं करून येतात, आणि आम्ही आयतेच तिथं राहत होतो. घरबसल्या चालून आलेली गोष्ट सोडायची नाही, एवढाच माझा विचार होता. मला ताऱ्यांचं काही कळत नाही. मला फोटोचा नाद आहे.

साध्या कॅमेऱ्यात सूर्य मोहरीएवढा येतो. म्हणून मी चष्मेवाल्याकडून अधिक एक नंबरचं भिंग घेतलं, टिनवाल्याकडून हातभर लांबीची दोन नळकांडी जोडून घेतली, आतून काळा रंग मारला आणि मागच्या बाजूला एका जुन्या कॅमेऱ्याचं, भिंग काढून टाकलेलं धड बसवलं. पुढच्या तोंडाला कोको पावडरच्या डब्याचं झाकण बसत होतं. झाकण काढलं की फोटो सुरू, लावलं की बंद. या यंत्रातून सूर्य चांगला चिंचोक्याएवढा येत होता. शेजारपाजारचे लोक ते धुराडं समजून कोणत्या चुलीचं म्हणून विचारत.

तयारी जोरात असताना मायचं पत्र आलं. माय सांगते आणि माझा चुलतभाऊ लिहितो. तो शब्द बदलत नाही. "सोमवारची अवस हाय अन् गिरान हाय. शकूले भायेर पडू देजो नोको. विळी, सुई, कातर हाती घेऊ देजो नोको. मागच्या खेपेले काय झालं ते तुले ठाऊक हाय."

ठाऊक होतं. शकूला तेव्हा पाचवा महिना चालू होता, आणि ती पहिली खेप नव्हती. आदल्या वर्षी जूनच्या शेवटी दिवस मावळता मावळता ग्रहण लागलं होतं. आम्ही देवळीलाच होतो. आभाळ इतकं भरून आलेलं की ग्रहण आहे हे घरात कोणाच्या ध्यानातही नव्हतं. शकू विळीवर वांगी चिरत होती. ग्रहणाचं कळलं तेव्हा भाजी चुलीवर होती. ऑगस्टमध्ये बाळ झालं, मुलगा होता, पण तो रडला नाही. माय बाळंतिणीच्या खोलीत आली आणि एकच वाक्य बोलली, "गिरानात भाजी चिरली, मंग काय होईल?" त्या पत्रापर्यंत पुन्हा ती त्यावर कधी बोलली नाही. पण एकदा बोललेलं पुरत होतं.

पत्र वाचून झाल्यावर शकूनं मला विचारलं, "खरं सांगा, भाजी चिरल्यानं जाते काय लेकरू?"

मी लिंबू, सुपारी आणि कंदील घेऊन तिला पृथ्वी, चंद्र, सूर्य समजावले. सावली पडते, सावलीनं कोणाचं काही होत नाही, वगैरे. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"तुमी नाई म्हनता, माय हो म्हनते," ती म्हणाली. "लेकरू तं गेलंच ना."

यावर लिंबू-सुपारीचा काही उपयोग नव्हता. शेवटी ठरलं असं, की ती बरोबर येईल, पण ग्रहण सुटेपर्यंत बंद खोलीत बसेल. "तुमी फोटो काढजा. मी बसीन खोलीत," ती म्हणाली, आणि मला सुटल्यासारखं वाटलं. खोटं कशाला सांगू, मला त्या दिवशी माझे दोन्ही हात मोकळे हवे होते.

पोलोन्नारुवा

कोलंबोला जून महिन्यात आपल्या आषाढासारखी झड असते. म्हणून पट्ट्याच्या मधोमध, बेटाच्या कोरड्या भागात जायचं ठरवलं. तिथं माझ्या वर्गातल्या पियदासांचं घर होतं. हे पियदास म्हणजे निवृत्त पोस्टमास्तर. म्हातारपणी हिंदी शिकत होते ते बुद्धगयेच्या यात्रेसाठी. तिथं टांगेवाल्यानं फसवू नये एवढीच त्यांची इच्छा. पुस्तकात 'आप' हा आदराचा शब्द आहे असं वाचल्यापासून ते सगळ्यांनाच आप म्हणत. आम्ही उतरलो तेव्हा ते दारातल्या म्हशीला म्हणत होते, "आप हट जाइए."

घर कौलारू, ऐसपैस, दारात एक अजस्र फणस. समोर तलाव. तलाव म्हणजे आपला वर्ध्याकडचा, उन्हाळ्यात म्हशी बसतात तो नव्हे. पूर्वीच्या राजांनी बांधलेला, पलीकडचा काठ दिसत नाही असा. त्याच्या पाण्यावर चहूकडे भात. मी कापसाच्या काळ्या मातीतला माणूस, मला एवढा ओला हिरवा रंग पाहून दोन दिवस डोळ्यांना थंडी वाटली.

पियदासांच्या घरात ते, त्यांची बायको लीलावती आणि मुलगी कुसुमा अशी तिघं. कुसुमा एकोणीस-वीस वर्षांची, हसरी, कामाला चलाख आणि रंगानं सावळी. दोन ठिकाणची माणसं येऊन तिला पाहून गेली होती आणि दोन्हीकडून रंगावरून नकार आला होता. हे पियदासांनी मला पहिल्याच संध्याकाळी सांगितलं. बुद्धाच्या देशातही मुलगी पाहायला येतात, आणि येऊन जे पाहायचं तेच पाहतात. तेव्हा माझ्या शेजाऱ्यांनी या बाबतीत तिकडून फार अपेक्षा ठेवू नये.

जेवायला लाल तांदळाचा भात, फणसाची भाजी, सुक्या मासळीची चटणी आणि जिकडेतिकडे नारळ. भातात नारळाचं दूध, भाजीत नारळ, चटणीत नारळ, केसांना नारळ. शकू मला हळूच म्हणाली, "नारळ तं हे भाजीतच घालून राह्यले. मंग देवाले काय ठेवते?" चहा बिनसाखरेचा आणि तळहातावर ताडगुळाचा खडा. एक घोट चहा, एक तुकडा गूळ. भाकरीची सवय असलेल्या आम्हां दोघांना तीन दिवसांत भूक अशी भागली नाही, पण चहा मात्र मी अजून तसाच पितो आणि घरची माणसं हसतात.

ग्रहणाचं म्हणाल, तर तिकडे आंघोळ, दान, सुटेपर्यंत उपास असलं काही मला दिसलं नाही. विहारात भिक्खूंचं सूत्रपठण मात्र चालू राहणार होतं. पण शकू पोटुशी आहे हे कळताच लीलावतीनं काहीही न विचारता धान्याची खोली रिकामी करायला घेतली, खिडकीला गोणपाट लावलं, चटई टाकली. त्या दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता. तेवढं समजायला शब्द लागलेच नाहीत.

त्या संध्याकाळपासून गावातल्या बायका या घरातून त्या घरात जाऊन काहीतरी कुजबुजत होत्या. मी पियदासांना विचारलं, तर ते म्हणाले, "औरतों की बात है, गुरुजी." मीही पुढे विचारलं नाही. माझं लक्ष झाकणाकडे होतं.

सोमवार सकाळ

सकाळी आभाळ अर्धं झाकलेलं, अर्धं उघडं. सातच्या सुमारास मी फणसापासून थोडं दूर मोकळ्यावर तीन बांबू बांधून नळकांडं सूर्यावर रोखलं. काजळी धरलेल्या काचेतून पाहिलं तर कडेचा लचका तुटलेला होता. पियदास घड्याळ घेऊन बसले. सगळं झाकलं गेलं की त्यांनी मोठ्यानं आकडे मोजायचे, मी पहिला फोटो एक सेकंद, दुसरा दोन, तिसरा चार, चौथा आठ असे घ्यायचे, असं ठरलं होतं. आमच्याजवळ चारेक मिनिटं असणार होती. चारेक मिनिटांत एक माणूस चार वेळा झाकण काढू-लावू शकतो, असा माझा समज होता.

शकू खोलीत जाऊन बसली होती. तिच्या खोलीला आणि स्वयंपाकघराला मधे अर्धीच भिंत. थोड्या वेळानं गोणपाटाआडून तिचा आवाज आला.

"अजी! यायच्या चुलीवर वेखंड उकळून राह्यलं. गंजभर! येवढं कायले?"

"असेल काही काढा," मी म्हणालो.

वेखंड तिच्या ओळखीचं. तिची आत्या कारंज्याला सुईणपण करायची, आणि शकू लहानपणी तिच्या मागेमागे फिरायची. आपल्याकडे तान्ह्या लेकराला सहाणेवर एक-दोन वळसे उगाळून देतात, टाळूला लावतात, एवढाच वेखंडाचा उपयोग. असं पातेलंभर वेखंड तिनं जन्मात पाहिलं नव्हतं.

ऊन फिकं होत चाललं. सावल्यांच्या कडा विचित्र धारदार दिसायला लागल्या. बायका एकेक करून आवारात जमल्या, सहा-सात असतील, प्रत्येकीच्या हातात करवंटी. मला वाटलं, हा इकडचा काही विधी असेल. प्रवासवर्णनात घालायला बरा, असंही वाटलं.

आत काय झालं ते मला शकूनं नंतर सांगितलं. लीलावती तिच्यासाठीही एक करवंटी भरून घेऊन गेली. पाहुणीला विसरायचं नाही म्हणून. तिनं आधी स्वतःच्या गालावर बोट फिरवलं, मग शकूच्या पोटाकडे दाखवलं आणि खोबऱ्याचा पांढरा तुकडा हातात घेऊन हसली. शकूला उलगडा झाला. अंधार पडेल त्या घटकेला हा काढा प्यायला की माणूस गोरं होतं, पोटातलं लेकरूसुद्धा, अशी आवई उठली होती. ती त्या गावापुरती नव्हती, हे पुढे आम्हाला कळलं.

"अजी!" आतून हाक आली. या खेपेचा आवाज वेगळा होता. "ह्या बाया वेखंडाचा काढा पेऊन राह्यल्या! गोऱ्या होतो म्हनते! ओकून ओकून मरतीन ना! सांगा ना तुमच्या पोस्टमास्तराले!"

सूर्याची नखाएवढी कड उरली होती. मी झाकणावर हात ठेवून उभा होतो.

"पाच मिनिटं थांब," मी म्हणालो. "आत्ता नाही."

ही पाच मिनिटं मी मागायला नको होती. त्याची मला आजही शरम वाटते.

तलावाच्या पलीकडून अंधार पाण्यावरून चालत आला. तो येताना दिसतो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. बगळ्यांचा एक थवा घाईघाईनं झाडाकडे वळला. ढगांत नेमकी फट होती. पियदासांनी "एक!" म्हटलं, मी झाकण काढलं, लावलं, फिल्म फिरवली, दुसऱ्यांदा झाकण काढलं, आणि त्याच वेळी धान्याच्या खोलीचं दार उघडल्याचा आवाज झाला.

शकू बाहेर आली होती. डोक्यावरून पदर घेतलेला, एक हात पोटावर. ती धावत नव्हती, पण थांबतही नव्हती. बाकीच्या बायकांनी करवंट्या तोंडाला लावल्या होत्या. कुसुमानं डोळे मिटून एक घोट घेतला होता. शकूनं तिच्या हातातली करवंटी हिसकून दूर भिरकावली. "नाई! नाई पेत बाई हे!" कुसुमा आधी बावरली, मग तोंड झाकून रडायला लागली. तिला वाटलं असणार, आपलं नशीबच हातचं गेलं. शकूनं तिला जवळ ओढून धरलं.

मी झाकण हातात घेऊन तसाच उभा. पियदास बिचारे "सोलह, सत्रह" करत मोजत होते.

मग आम्ही सगळ्यांनीच वर पाहिलं. शकूनंही पाहिलं.

वर काळा गोल होता आणि त्याच्याभोवती पांढरं, न हलणारं तेज. शेजारी एक-दोन तारे. आवाज कसलाच नाही. शकूच बोलली, अगदी रोजच्या आवाजात.

"सरकी होय ना जी ते. कापूस चिकटलेली."

कापूस पिंजून काढणाऱ्या आमच्या मुलखात याहून नेमकं कोणी काही म्हणणार नाही. आणखी थोडा वेळ पाहून ती म्हणाली, "येवढंच होय? याच्यापायी मी वरीसभर झोपली नाई."

एका कडेला ठिणगी पडली आणि उजेड झाला. तेव्हा कुठं मी नळकांड्याचं झाकण लावलं.

नंतरची धांदल सांगण्याजोगी नाही. पाव तासात आवारात पाच बायका ओकत होत्या, त्यांत लीलावतीही होती. शकूनं कमरेला पदर खोचला, चुलीवर भाताची पेज टाकली, तीत मीठ घातलं आणि एकेकीला बसवून घोटाघोटानं पाजली. कुसुमा तिच्या हाताखाली पळत होती. तिला एका घोटानं थोडं मळमळलं, इतकंच. लीलावतीनं ओकता ओकताही शकूचा हात सोडला नाही. पियदास माझ्याजवळ येऊन मान खाली घालून म्हणाले, "गुरुजी, तीस साल दुनिया का तार पढ़ा. अपने घर का नहीं पढ़ा." मला तर हाक मारून सांगितलं होतं.

सगळ्या जरा निवल्यावर शकू फणसाखाली येऊन उभी राहिली. ग्रहण अजून सुटलं नव्हतं, सूर्य चंद्रकोरीएवढा होता. फणसाच्या पानांतून उन्हाचे जे कवडसे पडतात, ते एरवी गोल असतात. त्या वेळी एकूण एक कवडसा कोरीच्या आकाराचा होता. जमिनीवर कोरी, भिंतीवर कोरी, शकूच्या साध्या निळ्या पातळावर, पोटावर, पोटावर ठेवलेल्या हातावर कोरीच कोरी. तिला त्याची दखलही नव्हती. माझ्याजवळ दुसरा साधा कॅमेरा होता. मी विचार न करता एक फोटो घेतला.

दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रावरून कळलं, की आणखीही ठिकठिकाणच्या बायका हा काढा पिऊन आजारी पडल्या. तेव्हा शेजाऱ्यांना माझं उत्तर असं, की ग्रहण तिकडचेही लोक आपापल्या परीनं पाळतात. आपण भितो ते काहीतरी जाईल म्हणून, ते भुलले काहीतरी मिळेल म्हणून.

नळकांड्यातली फिल्म धुतली. पहिल्या फोटोत चिंचोक्याएवढा काळा गोल आणि भोवती थोडं पांढरं. दुसरा पार जळालेला. तिसरा-चौथा नव्हतेच.

पुढचे चार महिने शकूनं त्या सकाळचं नावही काढलं नाही. रात्री कूस बदलताना तिचा हात पोटावर असे, तेवढं मला दिसत होतं. ऑक्टोबरमध्ये कोलंबोच्या इस्पितळात मुलगा झाला. तो इतक्या जोरात रडला की मी बाहेरच्या बाकावरून उठलो. परिचारिकेनं त्याला माझ्या हातात दिलं आणि लिंबू-सुपारीवाल्या या मास्तरानं सगळ्यात आधी काय केलं असेल, तर ओठ पाहिले, कान पाहिले आणि हातापायांची बोटं मोजली. मलाही भीती होती. मी ती इतके दिवस शकूच्या नावावर टाकली होती.

देवळी

घरी आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी अंगणात फोटो पाहणं झालं. माय निंबाच्या सावलीत, मांडीवर दीड वर्षाचा नातू. मी आधी मोठ्या अभिमानानं ग्रहणाचा फोटो दिला. तिनं तो उलटासुलटा पाहून बाजूला ठेवला. मग कोलंबो, पियदासांचं घर, तलाव. आणि मग तो फणसाखालचा फोटो. तो मी वेगळा काढून ठेवायचं ठरवलं होतं. विसरलो.

"लुगडं मोठं साजरं हाय वो," माय शकूला म्हणाली. "कोरीच्या छापाचं. सिलोनचं होय? आणलं काय संग?"

शकू माझ्याकडे पाहायला लागली. मी काहीतरी थाप मारणार होतो. पण ती उठली, घरात गेली, ट्रंक उघडल्याचा आवाज आला आणि ती पातळ घेऊन बाहेर आली. घडी मोडून तिनं ते मायसमोर पसरलं. निळं, साधं, एक बुट्टी नाही.

मायनं पातळ पाहिलं, फोटो पाहिला, पुन्हा पातळ पाहिलं. फोटो डोळ्यांजवळ नेला.

"हातावर बी हायेत," ती म्हणाली. "हाताले कायचा छाप?"

तिनं फोटोतल्या हातावरून बोट फिरवलं.

"गिरान होय हे," माय म्हणाली. "तू भायेर होती."

"हो, आत्याबाई," शकू सासूला म्हणाली.

"हा पोटात होता तवा?"

"हो."

मायनं फोटो खाली ठेवला. मांडीवरच्या पोराला उचलून समोर उभं केलं आणि त्याचे कान पाहिले, ओठ वर करून दात पाहिले, हाताची बोटं एकेक करून चाचपली, मग पायाची. तो गुदगुल्या होतात म्हणून हसत होता. सगळं पाहून झाल्यावर तिनं त्याला शकूच्या मांडीवर ठेवलं.

"मंग तो भाजीनं नाई गेला," ती म्हणाली.

शकूच्या डोळ्यांतून घळघळा पाणी यायला लागलं. त्या ऑगस्टनंतर मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. मला वाटलं, झालं, इतक्या दिवसांचं ओझं उतरलं. आता मायनं दोन शब्द मागे घेतले की संपलं. पण माय शकूकडे पाहतच नव्हती. ती त्या निळ्या पातळाची घडी घालत होती आणि घडी काही केल्या जमत नव्हती.

"गिरान हाय हे मले ध्यानातच नोतं," ती म्हणाली. "वांगे मीच दिलते तुले चिराले."

शकूनं पोराला एका हातानं धरलं आणि दुसऱ्या हातानं मायच्या हातातल्या पातळाचं टोक पकडलं.

"मले ठाऊक हाय, आत्याबाई," ती म्हणाली. "तवापासूनच ठाऊक हाय."

मग दोघींनी मिळून पातळाची घडी घातली.